माझा पायगुण वाईट आहे का?

"मॅडम, माझा पायगुण खरंच खराब आहे का जी?"

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न उन्हाळा सरला की कुणी ना कुणी विचारतंच. ही मुलगी चोवीसची, बी.एस्सी. झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सासर काटोलकडे, संत्र्याची बाग. लग्न ५ मेला झालं. पंधरवड्यात संत्र्याच्या आंबिया बहराची फळं गळायला लागली आणि २४ मेला सासऱ्यांना लकवा मारला. सासू म्हणाली, "पोरगी आली अन् घर बसलं."

मग मुलगी स्वतःच मोजायला लागली. दूध उतू गेलं, कूलरची मोटर जळली, सगळं आपल्याच खात्यावर. दूध उतू न गेलेले दिवस मात्र तिने मोजले नव्हते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण तिला पाठ होती. पण कावळा आपण स्वतःच असलो की फांदी आपणच मोडली असं वाटतं.

मी विचारलं, "लग्न मेमध्येच का धरलं?"

"शाळेला सुट्ट्या, शेतातही काम कमी."

"अन् मेमध्ये ऊन किती?"

"पंचेचाळीस."

जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबियाची कोवळी फळं याच उन्हात गळतात, पाणी कमी पडलं तर जास्तच. लग्न आणि फळगळ, दोन्ही मे महिन्याची लेकरं. त्यातलं एक दुसऱ्याची आई नव्हे. गेल्या मेमध्ये गळ झाली होती का, हे तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावून विचारलं. झाली होती. तेव्हा ही वर्ध्याला परीक्षा देत होती.

दोन गोष्टी सोबत घडल्या तर तो सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडली तर कार्यकारणभाव. पहिल्यावरून दुसऱ्याची शंका घ्यावी, निकाल देऊ नये.

लकव्याचं एवढं सोपं नव्हतं. पुढच्या वेळी सासूबाईंना बोलावलं. अंधश्रद्धेवर भाषण दिलं नाही. त्याने माणूस अजूनच हट्टाला पेटतो. नवरा अंथरुणाला खिळलेला, बाईला कारण हवं होतं आणि सून समोरच होती. (जावयाचा पायगुण कुणी काढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.) मी एवढंच म्हटलं, मार्चपासून घरात काय काय झालं ते आठवून सांगा. बीपी सहा वर्षांपासूनचं. पत्रिका वाटायला उन्हातान्हात फिरणं, जागरणं, पंगती. गोळ्या?

"घेतच असतील ना जी."

ताब्यात नसलेलं बीपी हे लकव्याचं सगळ्यात मोठं कारण. म्हणून लग्नाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हटलं नाही. संबंध होता, पण लग्नाच्या धावपळीचा. नवरीच्या पायांचा नव्हे.

तिसऱ्या वेळी सासूबाईंनी पर्समधून औषधांचं बिल आणि पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. बिल २० एप्रिलचं. गोळ्या ३०, रोज एक. दोन पट्ट्या जशाच्या तशा, तिसरीत चार शिल्लक. बोट ठेवून त्यांनी पुन्हा मोजल्या.

"सहाच खाल्ल्या ह्यांनी."

बराच वेळ पट्टीचा कागद चुरगाळत बसल्या. मग सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "आता गोळ्या हिच्याकडेच दिल्या. सकाळी चहाच्या आधी हातात ठेवते ही."