अ‍ॅडमिरल रॅमसे : वाचकांचे प्रश्न

1940 मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरात जर्मनांनी घेरलेल्या ब्रिटिश आणि मित्रसैनिकांची सुटका आखणारे रॅमसे पहिल्या महायुद्धात कुठे होते?

त्याच पाण्यात, इंग्लंड आणि फ्रान्स-बेल्जियम यांच्यामधल्या समुद्रात. बर्ट्रम रॅमसे 1883 साली जन्मले आणि 1898 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाले. 1915 पासून त्यांच्या हाती 'एम 25' होती. ही मॉनिटर जातीची बोट, म्हणजे उथळ पाण्यात शिरून किनाऱ्यावर तोफा डागणारी. पुढे 'ब्रोक' ही विनाशिका मिळाली. दोन्ही बोटी इंग्लंडच्या डोव्हर बंदराच्या गस्ती ताफ्यातल्या. बेल्जियमच्या किनाऱ्याजवळची पाण्याखालच्या वाळूच्या दांड्या, भरती-ओहोटीची ओढ, सुरुंग हे सगळं त्यांनी तिथे अंगावर घेतलं.

मग 1938 मध्ये ते निवृत्त कसे?

1935 मध्ये ते होम फ्लीटचे, म्हणजे ब्रिटनजवळच्या समुद्रातल्या मुख्य ताफ्याचे प्रमुख रॉजर बॅकहाउस यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. बॅकहाउस प्रत्येक कागद स्वतः बघणारे, तर हाताखालच्यांना काम सोपवून विश्वास ठेवावा, असं रॅमसेंचं मत. दोघांचं जमलं नाही. रॅमसेंनी पद सोडलं आणि 1938 मध्ये त्यांचं नाव निवृत्तांच्या यादीत गेलं. 1939 मध्ये युद्धासाठी त्यांना डोव्हरला परत बोलावलं, तरी सक्रिय यादीत नाव यायला एप्रिल 1944 उजाडला. डंकर्क आणि 1943 मधली इटलीच्या सिसिली बेटावरची चढाई या दोन्ही मोहिमांच्या वेळी ते कागदोपत्री निवृत्तच होते! मला हा अन्याय वाटतो.

डंकर्कहून सैनिकांना छोट्या होड्यांनी वाचवलं, हे खरं का?

अर्धं खरं. 26 मे ते 4 जून 1940 या काळात 3,38,226 सैनिक सुटले. त्यांतले 98,780 किनाऱ्यावरून आणि 2,39,446 बंदरातून. किनारा इतका उथळ, की मोठी जहाजं जवळ येऊच शकत नव्हती. माणसांना त्यांच्यापर्यंत पोचवायला होड्या लागल्या आणि ते काम जिवावरचंच होतं. पण खरा भार विनाशिका आणि प्रवासी बोटींनी उचलला. बंदराच्या गोद्या बॉम्बहल्ल्यांत निकामी झाल्या होत्या. किनाऱ्यावर नेमलेल्या कॅप्टन टेनंट यांनी पूर्वेकडच्या लांब, अरुंद बांधाला जहाज लावून पाहिलं. हा बांध लाटा अडवण्यापुरता, जहाजं लावण्यासाठी नव्हेच. तरी जमलं.

रॅमसे तेव्हा डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारात होते. सर्वांत जवळचा, 39 सागरी मैलांचा मार्ग कॅले या शेजारच्या फ्रेंच बंदराकडच्या जर्मन तोफांच्या टप्प्यात आल्यावर त्यांनी जहाजं 87 मैलांच्या वळशाने पाठवली, नंतर सुरुंग काढून 55 मैलांची मधली वाट खुली केली. त्या दांड्यांमधून वाट काढणं त्यांना नवं नव्हतं. आणि बांधाचा निर्णय जागेवरच्या माणसावर सोडण्यात मला 1935चेच रॅमसे दिसतात.

तिथे भारतीय होते का?

होते. डिसेंबर 1939 मध्ये मुंबईहून निघालेल्या भारतीय खेचर तुकड्या फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेची रसद वाहत होत्या. त्यांतले बरेच जवान डंकर्कहून सुटले. खेचरं मात्र मागेच राहिली. एक तुकडी जर्मनांच्या हाती लागली. या जवानांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

नॉर्मंडीनंतर त्यांचं काय झालं?

6 जून 1944 रोजी दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं, त्या मोहिमेतली सुमारे सात हजार लहानमोठी जहाजं त्यांच्या हुकुमाखाली होती. सप्टेंबरात बेल्जियमचं अँटवर्प बंदर दोस्तांच्या हाती आलं. समुद्राकडे जाणारं शेल्ड्ट नदीचं मुख जर्मनांकडून मोकळं केल्याशिवाय ते बंदर कुचकामी, असं रॅमसे सांगत होते. वेळेवर ऐकलं गेलं नाही. पहिला मालवाहू काफिला तिथे लागला तो 28 नोव्हेंबरला. 2 जानेवारी 1945 रोजी ब्रिटिश सेनापती माँटगोमेरींना भेटायला ब्रसेल्सला निघताना त्यांचं विमान पॅरिसजवळ उड्डाण करतानाच कोसळलं. त्यांना सेंट-जर्मेन-आँ-ले येथे पुरलं.