फॅशन ब्लॉगर लोकांना नको ते घ्यायला लावतात, की लोकांना हवं तेच दाखवतात?

दोन्ही. पण आमच्या घरात काय झालं ते आधी सांगते.

आम्ही येवल्याचे. बाबा चाळीस वर्षं हातमागावर पैठणी विणताहेत. दोन वर्षांपूर्वी पुण्याची एक ब्लॉगर आली. बाबांनी माग थांबवून तिला सगळं दाखवलं. पदरातल्या मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीने (धागा गुंडाळलेल्या छोट्या नळीने) कसा भरायचा, नक्षी उलट्या बाजूलाही तशीच का दिसते. आईने जेवू घातलं. पंधरा दिवसांनी रील आली. बाबांचे हात, आमचा माग, आणि खाली लिंक कुठल्याशा दुकानातल्या अडीच हजारांच्या सेमी पैठणीची! यंत्रमागावरची, पदराच्या मागे कापलेले धागे लोंबणारी. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

त्या दिवाळीत एक बाई दारात उभं राहून बाबांना म्हणाल्या, "काका, रीलमध्ये तर हीच अडीच हजाराला आहे." भरगच्च पदराच्या साडीला आमचे महिनेच्या महिने जातात. बाबा काही बोलले नाहीत. साडीची घडी घातली आणि कपाटात ठेवली.

पैठणीची हौस काही ब्लॉगर लोकांनी आणलेली नाही. 'होम मिनिस्टर'मध्ये पैठणी जिंकणाऱ्या वहिनी 2004 पासून घरोघर बघितल्या जात होत्या. यांनी लावली ती वेगळीच सवय: फोटोत एकदा आलेली साडी परत नेसायची नाही. आईची एक पैठणी आम्ही दोघी बहिणी पाच लग्नांत नेसलो. वर्षाला चार साड्या हव्या असतील तर त्या अडीच हजारांच्याच लागणार.

भाऊ म्हणतो, जमाना त्यांचा आहे, आपणही सेमी ठेवू आणि रील करू. कर ना रील. पण आपला माग दाखवून यंत्रमागाची साडी विकलीस, तर तिच्यात आणि तुझ्यात फरक काय उरला? बाबांनी तुला कांडी धरायला शिकवलंय, लिंक टाकायला नाही.

तुम्ही घेणार असाल तर पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. देत नसतील तर सोडून द्या.

सेमी विकणं चूक नाही, सेमी म्हणून विका. आणि सगळेच ब्लॉगर तसे नसतात. नाशिकच्या एका मुलीने पदर उलटा करून दाखवला, बाबांचा नंबर दिला, तर तीन ऑर्डरी आल्या. त्यातली एक आत्ता मागावर आहे, राणी रंगाची. तिची आगाऊ रक्कम मोजून घेतली ती भावानेच.