पट्टी नेमकी कोणत्या डोळ्यावर?

‘तिरळेपणा वय वाढले की आपोआप जाईल ना?’ समुपदेशनात मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा हा प्रश्न तीन वर्षांच्या मुलीच्या आईनेही विचारला. नेत्रतज्ज्ञांनी दिलेली पट्टी मुलगी लावू देते का, असे मी विचारले, तेव्हा त्या समाधानाने म्हणाल्या, “आठ दिवस झाले, एकदाही कुरकुर नाही.” मला शंका आली, कारण अशी पट्टी मुले सहसा मुकाट्याने सोसत नाहीत. पट्टी तिरळ्या डोळ्यावर लावली जात होती. दुखणे ज्या डोळ्याला, औषध त्याच डोळ्याला, हा त्यांचा हिशेब सरळ होता. दोष असलाच तर नीट समजावून न सांगणाऱ्या आम्हा मंडळींचा.

दोन्ही डोळे एकाच दिशेला वळलेले नसले, की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे जातात. लहान मुलाचा मेंदू त्यातले एक चित्र बाजूला सारू लागतो आणि ज्या डोळ्याचे चित्र नाकारले जाते, त्याची दृष्टी पुरती घडतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. म्हणून पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे दुसऱ्याला काम करावेच लागते. पट्टीने नजर सुधारते, पण डोळा सरळ होत नाही. त्यासाठी कधी चष्मा लागतो, तर कधी स्नायूंची शस्त्रक्रिया. या मुलीला प्लस नंबर होता. चष्मा लावला की डोळे सरळ होत आणि काढला की पुन्हा आत वळत, त्यामुळे चष्म्यानेच डोळे बिघडले, असे आईला वाटू लागले होते. वस्तुतः चष्म्याविना स्पष्ट दिसण्यासाठी तिला जो ताण द्यावा लागे, त्यानेच डोळे आत वळत होते.

राहिला आपोआप जाण्याचा प्रश्न. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून भरकटतात, ते बहुधा स्थिरावते. त्यानंतर दिसणाऱ्या तिरळेपणात मात्र वाट पाहणे महागात पडते. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर तपासणी तातडीने व्हायला हवी.

पुढच्या भेटीत आई हवालदिल होत्या. रोज दोन तास सांगितलेली पट्टी मुलगी पाच मिनिटांत ओरबाडून काढत होती. “आता ती योग्य डोळ्यावर बसली आहे,” मी म्हणाले, आणि नेत्रतज्ज्ञांना विचारून आम्ही त्या दोन तासांचे चित्रे रंगवण्याच्या वेळेत अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार भाग पाडले.