तीन मशीनसाठी अख्खा मिरर कशाला?

अरे, घरच्या तीन कॉम्प्युटरसाठी डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) पूर्ण मिरर, म्हणजे त्याच्या सगळ्या पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नक्कल, उतरवू नकोस. शेकडो जीबी तरी जातील, त्यातलं बहुतेक तू कधी वापरणारही नाहीस. एक चादर हवी म्हणून कोणी पॉवरलूम बसवतं का? जुन्या लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाक, तो उतरवलेली पॅकेजं साठवून (कॅश करून) ठेवतो. पॅकेज एकदाच नेटवरून येतं, पुढच्या मशीनला घरातूनच मिळतं. बाकीच्या मशीनच्या ॲप्टमध्ये (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, म्हणून त्या लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ३१४२ लिही. तो आयपी राउटरमध्ये पक्का कर. मी केला नव्हता, लाइट जाऊन आली, आयपी बदलला आणि अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो. ॲप्टच्या सोर्समध्ये (पॅकेज कुठून आणायची त्या पत्त्यांच्या यादीत) एचटीटीपीएस असेल तर कॅश होत नाही, साधं एचटीटीपी ठेव. भीती नको, पॅकेज खरं आहे का ते डिजिटल सहीवरून ॲप्ट तपासतंच. आणि लॅपटॉप पत्र्याखाली नको, सोलापूरचा मे आहे बाबा!