नवे शिक्षक रुजू होण्याआधी

अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापिकेचा प्रभार घेतलास आणि लगेच पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, दोन शिक्षणसेवक (सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेले शिक्षक) येताहेत. ते टिकतील का, असं विचारलंस. मानधन वाढवणं तुझ्या हातात नाही. माध्यमिकला 1 जानेवारी 2023 पासून महिना 18,000, तेही तीन वर्षं. मग कुठे 38,600 मूळ वेतनाची श्रेणी. परजिल्ह्यातला माणूस एवढ्यात खोलीभाडं, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे बसवतो. त्यात पहिलंच मानधन काही महिने अडकलं, की तो पुढच्या भरतीकडे डोळे लावून बसतो. आणि हे अडकणं बरंचसं आपल्याच कार्यालयात होतं.

म्हणून आधी फाइल. रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यतेचा (त्या नियुक्तीला शिक्षण विभागाच्या मंजुरीचा) प्रस्ताव, मान्यतेनंतर शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतला आयडी, मग बिलात नाव, अशी ही साखळी. ती तुटायच्या जागा ठरलेल्या असतात. आधार, पासबुक आणि पदवीवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं. लग्नानंतर नाव बदललं, पण राजपत्राची प्रत नाही. जात वैधता प्रमाणपत्र जोडायचं राहिलं. नियुक्ती आदेशातला प्रवर्ग बिंदुनामावलीशी, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीशी, जुळत नाही. एक त्रुटी निघाली की फाइल परत, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. 2025 मध्ये नागपूरचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आल्यापासून छाननीही कडक झाली आहे. तेव्हा प्रस्ताव लिपिकावर सोडून मोकळी होऊ नकोस. पानन्‌पान स्वतः तपास. तीन संच कर: एक शिक्षणाधिकारी कार्यालयाला, एक शाळेच्या दप्तरी, तिसरा त्या शिक्षकाच्या हातात, आवक क्रमांकाच्या पोचेसह. दर सोमवारी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते त्याला आपणहून सांग, हलली नसेल तरी सांग.

वेळापत्रकात तुझी खरी परीक्षा आहे. जुन्यांनी आपापले वर्ग धरून ठेवलेले असतात आणि उरलंसुरलं नव्याच्या माथी येतं: आठवीचं विज्ञान, पाचवीचं गणित, सातवीचा भूगोल, वर शारीरिक शिक्षणाचे दोन तास. चार वेगळ्या तयाऱ्या करून कुणीच नीट शिकवू शकत नाही. पहिल्या वर्षी दोनच विषय दे, आणि जमलं तर एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या, म्हणजे एक तयारी दोनदा कामी येते. बदली तासांची वही उघडून बघ. एकाच नावाखाली खुणा साचलेल्या दिसल्या, तर गैरहजेरीचं ओझं कोण वाहतंय ते कळेल.

यू-डायसवर शाळेची माहिती भरणं आणि मुलांची आधार जुळवणी ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणत तरुणाच्या गळ्यात पडते. वर्गशिक्षकांत वाटून टाक. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. वरून पत्र आलं तर ते कलम लिहून उत्तर दे. तोंडी कुरकुर दप्तरात राहत नाही.

तास बघायला जाशील तेव्हा शेवटच्या बाकावर बस, पूर्ण तास थांब. सुधारणा एकच सांग, त्याच दिवशी, दार लावून. मुलांसमोर टोकलेला शिक्षक वर्षभर तो वर्ग सांभाळू शकत नाही.

जुन्यांचंही बघ. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. सेवेची पाच वर्षंसुद्धा उरलेली नाहीत त्यांना सूट, पण बढती हवी तर परीक्षा आहेच. पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांची निवृत्तीच्या तारखेनुसार यादी काढ आणि ज्याच्या त्याच्याशी एकट्याने बोल. स्टाफरूममध्ये हा विषय काढलास तर पन्नाशीचा माणूस अपमानाने गप्प होतो. सेवापुस्तकं वर्षातून एकदा दाखवून सही घे. 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी कुणाची जवळ आली आणि तिच्यासाठीचं प्रशिक्षण कुणाचं राहिलं, हे तेव्हाच दिसतं.

आता स्वयंपाकघर. पोषण आहाराच्या ताईंना मानधन महिना 2,500, तेही रखडत. 26 ते 100 मुलांना दोन मदतनीस, पुढच्या प्रत्येक शंभरापर्यंत एक जास्त. तुझ्याकडे लाभार्थी मुलं 110 असतील तर तिसरी बाई नियमाने मिळते, मागून घे. त्यांची हजेरी महिनाअखेरीलाच पाठव. तुझ्याकडून चार दिवस उशीर झाला तर पुढे महिनाही जातो. शिपायाची पदं निवृत्तीनंतर भरत नाहीत, डिसेंबर 2020 पासून त्या जागी शाळेला ठोक भत्ता आहे. म्हणून घंटा, स्वच्छतागृह, टपाल ही कामं कोण करणार ते जूनमध्येच कागदावर लिही, नाहीतर ती त्या ताईंवरच येऊन पडतात.

इतकं करूनही एखादा आपल्या जिल्ह्यात निवड झाली म्हणून जाईल. त्याला अडवू नकोस. कार्यमुक्ती आदेश त्याच दिवशी दे, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक आठवड्याच्या आत पाठव, आणि रिक्त पदाची मागणी त्याच टपालाने लाव.