पंच्याहत्तर टक्के मिळवूनही नापास

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी यंदा मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात चालली आहे. ओरिएंटेशनला गेलात तर कॅन्टीनपासून हॉटेलच्या लॉबीपर्यंत जो तो 'फिकेल टिकणार का' एवढंच बोलत होता. फिकेल म्हणजे तिथल्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा कोच. घरी येऊन वाचलंत, तर ल्यूक फिकेलच्या संघाने गेल्या हंगामात 4 जिंकले, 8 हरले, तरी तो जागेवर. उलट पेन स्टेट विद्यापीठाचा कोच जेम्स फ्रँकलिन आदल्या वर्षी देशातल्या शेवटच्या चार संघांत होता, आणि त्याला मात्र ऑक्टोबरातच नारळ. हा कुठला न्याय?

न्याय शोधू नका. हिशोब बघा. मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली.

मी 2003च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला नेब्रास्काला, लिंकनला आलो. आपल्याकडे कॉलेजच्या पीटीच्या सरांचं नावही निम्म्या वर्गाला ठाऊक नसतं, आणि इथे कोच म्हणजे राज्यातला सगळ्यात मोठा माणूस. तेव्हा तिथे फ्रँक सोलिच होते. हंगाम संपला, 9 विजय, 3 पराभव. शेवटचा सामना कोलोरॅडोविरुद्ध, तोही जिंकलेला. दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकलं. मी फोनवर बाबांना सांगितलं. ते शाळामास्तर. त्यांनी क्षणभर हिशोब केला आणि म्हणाले, "अरे, बारात नऊ म्हणजे पंच्याहत्तर टक्के. डिस्टिंक्शन आहे! नापास कसा केला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. लिंकनला पंच्याहत्तर टक्क्यांची शाळा नकोच होती, तिथे 1990च्या दशकात तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं आली होती. म्हणजे कोचचे मार्क प्रश्नपत्रिकेवर नाही, पालकांच्या अपेक्षेवर ठरतात. ही अपेक्षा म्हणजे पहिला आकडा, आणि प्रीसीझनच्या, म्हणजे हंगामाआधीच्या, चर्चेत खरं तर तेवढंच मोजलं जातं.

दुसरा आकडा बायआउट. कोचला करार संपण्याआधी, त्याचा काही गैरप्रकार नसताना काढलं, तर राहिलेल्या वर्षांच्या पगाराचा ठरलेला हिस्सा त्याला द्यावा लागतो. वरवर साधी गोष्ट आहे, पण सगळी मेख कराराच्या कलमांत असते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने डिसेंबर 2017मध्ये जिम्बो फिशरला दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. 2021मध्ये तो आणखी लांबवला. नोव्हेंबर 2023मध्ये काढलं तेव्हा देणं निघालं साडेसात कोटींहून जास्त. आणि करारात 'दुसरीकडे नोकरी लागली तर तो पगार यातून वजा' हे कलमच नव्हतं. फ्रँकलिनच्या करारात ते होतं. म्हणून पेन स्टेटवर सुमारे 4.9 कोटींचं ओझं दिसत होतं, पण महिनाभरात त्याला व्हर्जिनिया टेकने घेतलं आणि प्रकरण 90 लाखांत मिटलं. काढणाऱ्या विद्यापीठाला असं नशीब क्वचितच लाभतं.

बायआउटला तारखाही असतात, त्या जरूर बघा. नेब्रास्कातच स्कॉट फ्रॉस्ट 2022चा हंगाम सुरू करत होता. 1997च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), घरचा पोरगा. त्याचं बायआउट 1 ऑक्टोबरला दीड कोटीवरून थेट 75 लाखांवर येणार होतं. सगळं लिंकन कॅलेंडर बघत बसलेलं. 10 सप्टेंबरला जॉर्जिया सदर्नने त्यांना घरच्या मैदानावर 45-42 हरवलं आणि 11 तारखेला फ्रॉस्ट गेला. वीस दिवस थांबले असते तर 75 लाख वाचले असते, म्हणजे दिवसाला पावणेचार लाख डॉलर. तरी थांबले नाहीत. पैसा आडवा येतो हे खरं, पण लोकांचा संयम संपला की तोही बाजूला सरतो.

आता फ्रँकलिन. माझा मुलगा पेन स्टेटला आहे, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं. 2025च्या ऑगस्टमध्ये एपी वृत्तसंस्थेच्या प्रीसीझन क्रमवारीच्या यादीत पेन स्टेट दुसऱ्या क्रमांकावर. गावात टी-शर्टांपासून गाड्यांमागच्या स्टिकरांपर्यंत एकच बोलणं, 'हेच ते वर्ष'. सप्टेंबरअखेर ऑरेगॉनविरुद्ध दोन ओव्हरटाइमनंतर हरले. ते एक वेळ लोकांनी गिळलं असतं. पुढच्या आठवड्यात यूसीएलए विद्यापीठाचा संघ, जो तोवर चारही सामने हरला होता, त्याने 42-37 मारलं. 11 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्न, त्या दिवशी मी तिथे होतो. एक लाखाहून जास्त माणसांचं ते मैदान. शेवटी शेवटी क्वार्टरबॅक ड्र्यू ॲलर जखमी होऊन बाहेर गेला, आणि 22-21 हरले. विद्यार्थ्यांच्या बाजूने 'फायर फ्रँकलिन'चा घोष उठला. मला त्याहून आठवतात ते माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा. कानाला छोटा रेडिओ, मांडीवर थर्मास. ते ओरडले नाहीत. बसायची गादी गुंडाळून काखेत मारली, मागे वळले आणि मला शांतपणे विचारलं, "बायआउट किती आहे हो त्याचं?" दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली.

बारा हंगामांत 104 विजय, 45 पराभव असा माणूस पंधरा दिवसांतल्या तीन शनिवारांत गेला म्हणतात लोक. तसं नाही. पहिल्या दहात असलेल्या संघांविरुद्ध पेन स्टेटमध्ये त्याचा हिशोब 4 विजय, 21 पराभव. ती लाकडं दहा वर्षं रचलेली होती, त्या ऑक्टोबरने काडी लावली. शिवाय स्टेडियमच्या नूतनीकरणाला सत्तर कोटी डॉलरपर्यंतचा खर्च मंजूर झालेला. महागड्या बॉक्सांची तिकिटं विकायची असतील तर 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य चालत नाही.

म्हणून प्रीसीझनच्या वरच्या क्रमांकाला मी बक्षीस समजत नाही, ते कोचच्या नावावर लिहिलेलं कर्ज असतं. 2025च्या त्याच यादीत एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) नववं आणि फ्लोरिडा पंधरावं होतं. दोन्हीकडचे कोच, ब्रायन केली आणि बिली नेपियर, ऑक्टोबर संपायच्या आत गेले. नेपियरचा संघ तर आदल्या दिवशी जिंकला होता! चौथं क्लेमसन होतं. तर दुसरं पेन स्टेट आणि चौथं क्लेमसन डिसेंबरात एकमेकांना भेटले ते अजिंक्यपदासाठी नव्हे, न्यूयॉर्कच्या बेसबॉल मैदानावर पिनस्ट्राइप बोलमध्ये ('बोल' म्हणजे हंगामानंतरचा मानाचा एकेरी सामना), थंडीत कुडकुडत. आणि अजिंक्य झालं विसाव्या क्रमांकावर सुरुवात केलेलं इंडियाना.

या इंडियानाने कोचमंडळींचं जे नुकसान केलंय, ते कुठल्याही बायआउटने भरून यायचं नाही. ऐतिहासिकदृष्ट्या सर्वाधिक पराभव पदरी असलेल्या संघांपैकी एक. 2023मध्ये 3 विजय, 9 पराभव. कर्ट सिग्नेट्टी आला, जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर पोरं सोबत घेऊन. पहिल्या वर्षी 11-2, दुसऱ्या वर्षी 16-0 आणि अजिंक्यपद. पूर्वी नवा कोच म्हणायचा, 'मला माझी पोरं भरती करायला चार वर्षं द्या.' आता ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, एका हिवाळ्यात अर्धा संघ बदलता येतो. 2025पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा होती दोन कोटी पाच लाख डॉलर. मग देणगीदार विचारणारच, 'इंडियानाला जमतं, तुम्हाला का नाही?' याला कुठल्याही कोचकडे उत्तर नाही. माझ्या मते हा प्रश्न तसा अन्यायाचाच आहे. सिग्नेट्टीसारखी माणसं दर वर्षी पिकत नाहीत. पण देणगीदाराला हे कोण सांगणार?

काढायची घाई सप्टेंबरातच का, हेही त्यातच आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेतली मुलं कॉलेजच्या संघांसाठी सही करतात, जानेवारीत पोर्टल उघडतं. त्याआधी नवा माणूस हवा, म्हणजे शोध आधीच सुरू हवा. म्हणून यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेकने गेल्या वर्षी तीन सामन्यांतच, एकाच रविवारी कोच बदलले.

आता तुमचं विस्कॉन्सिन. 2023मध्ये 7-6. 2024मध्ये 5-7, आणि सलग बावीस वर्षं बोल खेळायची परंपरा तुटली. 2025मध्ये 4-8. त्यात कॅम्प रँडलवर, म्हणजे घरच्या मैदानावर, लागोपाठ दोन शनिवारी भोपळा: आयोवाविरुद्ध 37-0, ओहायो स्टेटविरुद्ध 34-0. 'फायर फिकेल' तिथेही झालं. तरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, ख्रिस मॅकिंटॉश यांनी जाहीर केलं की फिकेल 2026मध्येही राहणार, आणि आपण खेळाडूंवर जास्त खर्च करणार. त्याच शनिवारी संघाने वॉशिंग्टनला 13-10 हरवलं आणि पोरं मैदानात घुसली.

मला हा निर्णय तेव्हा पटला, आजही पटतो. पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक जखमी झालेला, वेळापत्रक कठीण. आणि सरळ विचार करा, जाणाऱ्या कोचला काही कोटी देण्यापेक्षा तेच पैसे येणाऱ्या खेळाडूंना दिले तर निदान मैदानावर दिसतात तरी. 2022मध्ये याच विस्कॉन्सिनने पॉल क्रिस्टला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच काढलं होतं. 67 विजय, 26 पराभव असलेला माणूस. त्यानंतर काय वर आले, ते तुम्ही पाहताच आहात. नेब्रास्काचंही तेच. सोलिचनंतर आलेल्या बिल कॅलाहनच्या चार वर्षांत दोन हंगाम पराभवाचे. बो पेलिनीने सात वर्षं दर वर्षी किमान नऊ सामने जिंकले, त्यालाही 9-3वर काढलं. मग रायली, मग फ्रॉस्ट. वीस वर्षांत पंच्याहत्तर टक्केवाला परत मिळाला की त्यालाच नापास करायचं!

पण मॅकिंटॉश यांच्या त्या पत्रकाची दुसरी बाजूही ओळखा. पैसे दिले, वेळ दिला, म्हणजे सबबी काढून घेतल्या. यंदा बोलपर्यंत, म्हणजे सहा विजयांपर्यंत पोचला नाही तर फिकेल राहत नाही, असं माझं मत आहे. 6 सप्टेंबरला ग्रीन बेच्या लँबो फील्डवर नोटर डेमविरुद्ध सलामी आहे. त्यात हरले तर घाबरू नका, तिथे जिंकायची अपेक्षाच कुणाची नाही. कसे हरतात ते बघा.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. फ्लोरिडा स्टेटचा माइक नॉर्व्हेल या सगळ्या हिशोबाचं चालतंबोलतं उदाहरण आहे. 2023मध्ये 13-1, पुढच्या वर्षी 2-10, गेल्या वर्षी अलाबामाला धूळ चारून सुरुवात आणि शेवट 5-7. त्याला वाचवलं ते पाच कोटींच्या वर गेलेल्या बायआउटने, यात मला तरी शंका नाही. यंदा अलाबामाकडे जायचंय, टस्कलूसाला. मेरीलँडचा माइक लॉक्सली 4-8वर आणि बेलरचा डेव्ह अरांडा 5-7वर टिकले, दोघांनाही आता उधारी मिळणार नाही. क्लेमसनच्या डॅबो स्विनीचं वेगळं. दोन अजिंक्यपदं खिशात असलेल्या माणसाला 7-6वर कुणी काढत नाही, पण सलामी बॅटन रूजला एलएसयूकडे आहे. समोर कोण, तर लेन किफिन, ज्याला 2013मध्ये यूएससीने भल्या पहाटे विमानतळावर बसमधून उतरवून काढलं होतं. तोच किफिन गेल्या नोव्हेंबरात ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाला, 11-1 असताना, अजिंक्यपदाची प्लेऑफ फेरी तोंडावर असताना सोडून एलएसयूला गेला. कोच बिचारे, विद्यापीठं निष्ठुर, असं चित्र कुणी रंगवलं तर हे आठवा.

आणि एलएसयूवरून सांगतो, नजर कोचपेक्षा त्याला नेमणाऱ्यावर ठेवा. केलीला काढल्यावर सुमारे 5.4 कोटींचं देणं निघालं, तेव्हा लुइझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री भर पत्रकार परिषदेत म्हणाले की पुढचा कोच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी वुडवर्ड गेले. योगायोग बघा, 2017मध्ये ए अँड एममध्ये फिशरला तो करार देणारेही वुडवर्डच. आपल्याकडे साखर कारखान्याच्या बैठकीत मंत्री येऊन बसतो ना, अगदी तसं.

तुम्हाला मॅडिसनची हवा कळायला रँकिंग वाचत बसायची गरज नाही, मुलगी तिथे आहेच. कॅम्प रँडलवर तिसरा क्वार्टर संपला की सगळे विद्यार्थी एकत्र उड्या मारतात, स्टँड हलतं म्हणतात. हरत असले तरी पोरं त्यासाठी थांबतात. ऑक्टोबरात तिला फोन करून एवढंच विचारा: उड्या मारायला किती जण उरले होते?