कायदा एकच, मग दोन कोर्टांत त्याचे दोन अर्थ कसे निघतात?

तुम्ही विचारलंय की कलम तेच, शब्द तेच, तरी खालचं कोर्ट एक म्हणतं आणि वरचं उलट. मग न्यायाधीश मनाला येईल तसा अर्थ लावतात का? मी दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे वकिली करतो. हा प्रश्न मला पक्षकारही विचारतात, बहुतेक वेळा हरल्यावर.

बहुतांश प्रकरणांत कायद्याच्या अर्थावर भांडण नसतंच, हे आधी सांगून टाकतो. ताबा कोणाचा होता, सही कोणाची, साक्षीदार उलटतपासात टिकला का, यावरच सगळं फिरतं. त्याच पुराव्यावर दिवाणी दावा जिंकता येतो आणि फौजदारी खटला पडू शकतो, कारण दिवाणीत कोणाची बाजू अधिक पटण्यासारखी आहे ते बघतात आणि फौजदारीत वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो. लोकांना हा पक्षपात वाटतो. तो नाही, पुराव्याची पट्टीच वेगळी आहे.

खरी मजा एखाद्या शब्दावर गाडं अडतं तेव्हा. अकोल्याच्या एका पानाच्या व्यापाऱ्याचं प्रकरण मी नव्या ज्युनिअरला हमखास वाचायला लावतो. भाजीपाल्याला विक्रीकर माफ होता. व्यापारी म्हणाला, विड्याचं पान वेलीवरचंच, म्हणजे तीही भाजीच. 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवलं आणि रोजच्या बोलण्यात लोक भाजी कशाला म्हणतात ते बघितलं. (भाजी आणायला धाडलेला माणूस पानं घेऊन आला तर घरात काय होईल, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही.) पण निकालात आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि मला तीच जास्त वजनदार वाटते. माफीच्या यादीत आधी ‘भाजीपाला’ आणि ‘विड्याची पानं’ अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. 1948 च्या दुरुस्तीने पानांची नोंद काढून टाकली. विधिमंडळाने जे पुढच्या दाराने बाहेर काढलं, ते कोर्टाने मागच्या दाराने आत कसं घ्यायचं? व्यापारी हरला.

रोजच्या वापराची कसोटी प्रत्येक वेळी पुरते असंही नाही. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की केसांना लावायचं? कर त्यावर ठरणार होता. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही. डिसेंबर 2024 मध्ये तीन न्यायाधीशांनी सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. लेबल आणि पॅकिंग तसं असेल तर गोष्ट वेगळी. दोन्ही न्यायाधीश विद्वान, पुस्तक एकच आणि तरी मतभेद. यात मर्जीचा प्रश्न कुठे आला?

आता दोन्ही अर्थ खरोखरच निघत असतील तर कौल कोणाकडे? इथे वादाचा प्रकार बघावा लागतो. कर बसवणाऱ्या कलमात शंका असेल तर फायदा करदात्याला, पण करमाफीच्या अधिसूचनेत शंका असेल तर सरकारला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2018 मध्ये हे पक्कं केलं. विम्याच्या पॉलिसीतलं वाक्य संदिग्ध असेल तर ते लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध वाचतात. कामगार, अपघातग्रस्त यांच्यासाठी केलेला कायदा सैल हाताने वाचतात. शिक्षेचं कलम मात्र आवळून, आणि शंका आरोपीच्या बाजूने.

पण आवळून म्हणजे किती? जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 7 मधल्या ‘शारीरिक संपर्क’ या शब्दांचा अर्थ त्वचेला त्वचेचा स्पर्श असा घेतला आणि कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमाबाहेर ठेवला. शिक्षा कडक म्हणून अर्थ काटेकोर, हे तत्त्व चुकीचं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल फिरवला: मुलांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा असा वाचायचा नाही की त्याचा हेतूच मरून जाईल. शब्द स्पष्ट असताना ओढूनताणून शंका निर्माण करायची आणि मग तिचा फायदा आरोपीला द्यायचा, हे चालणार नाही. माझ्या मते अलीकडच्या काळात ‘शब्द की हेतू’ हा वाद इतका स्वच्छ फार कमी वेळा समोर आलाय.

आणि ‘किंवा’? ‘तो जेवला नाही किंवा झोपला नाही’ हे वाक्य तुम्ही कसं वाचता? दोन्ही केलं नाही, की दोन्हींपैकी एक? 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 24(2) मध्ये नेमकी हीच अडचण होती. जुना निवाडा (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) पाच वर्षांहून मागचा असेल आणि ताबा घेतलेला नसेल ‘किंवा’ मोबदला दिलेला नसेल तर संपादन रद्द. 2014 मध्ये पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मोबदला ट्रेझरीत भरला म्हणजे जमीनमालकाला दिला असं होत नाही, संपादन गेलं. पुढे अनेक जमीनमालक या निकालाचा आधार घेऊन कोर्टात आले. 2020 मध्ये घटनापीठाने तो निकाल मोडीत काढला: इथला ‘किंवा’ हा ‘आणि’ असा वाचायचा, म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, तेव्हाच संपादन रद्द. कायद्यातला शब्द जागचा हलला नव्हता, पण सहा वर्षांत निकालाची दिशा उलटी झाली होती.

चेक न वटल्याच्या माझ्या स्वतःच्या एका फिर्यादीत सगळा वाद एका दिवसाचा होता. आरोपीला नोटीस 3 मार्चला मिळाली. पैसे द्यायचे पंधरा दिवस 18 ला संपले, फिर्यादीचं कारण 19 ला घडलं (तिथून महिन्याभरात फिर्याद करायची असते) आणि मी फिर्याद दाखल केली 19 एप्रिलला. समोरचे वकील उठले, ‘साहेब, महिना 18 लाच संपला.’ साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं, पेनाच्या टोकाने घरं मोजली, परत मोजली. मी 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे केला: कारण घडलं तो दिवस धरायचा नाही. शिवाय महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, तीस दिवस नव्हेत. फिर्याद मुदतीत ठरली. उशिराच्या माफीचा अर्जही मी तयार ठेवला होता, तो घडीच न मोडता फाइलमध्ये परत गेला. बाहेर पक्षकाराने विचारलं, ‘एवढा वेळ साहेब तारखाच मोजत होते का?’

तुमचा प्रश्न एखाद्या चालू प्रकरणावरून आला असेल तर कलम कोणतं आणि तुम्ही कुठल्या निकालावर विसंबून आहात तेवढं लिहा. निकालाचं वर्ष जरूर टाका. 2014 चा निकाल घेऊन येणारे मला अजूनही भेटतात.